बकारामजीचा पाटा

आमगावहून अडीच कोसांवर पिपरटोला नावाचं गाव आहे. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमारास तिथे जाऊन तुम्ही “बकारामजीचं घर कोणतं?” असं विचारलं असतं, तर समोरच्या माणसानं हमखास उलट विचारलं असतं, “कोनता बकाराम? भांगवाला?” आता गावात बकाराम एकच होता. दुसरा असता तर गोष्ट वेगळी. तरी विचारायचे, आणि विचारताना गालातल्या गालात हसायचे.

खरं म्हणजे बकाराम चार एकर धानाचा शेतकरी. रोवणीत चिखलात, कापणीत उन्हात आणि चुरणीत म्हणजे मळणीत बैलांच्या मागे असं त्याचं वर्ष जायचं. भांगेशी त्याचा संबंध वर्षातून एक दिवस, महाशिवरात्रीला. त्या दिवशी तो गावच्या महादेवापुढे बसून भांग घोटायचा आणि सारं गाव ती प्रसाद म्हणून प्यायचं. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस त्यानं घाम गाळला, पण नाव चिकटलं ते त्या एका दिवसाचं. याला काय म्हणावं!

ही विद्या त्याच्याकडे भैयाजी नावाच्या म्हाताऱ्याकडून आली होती. भैयाजीनं मरताना आपला पाटा-वरवंटा बकारामच्या हवाली केला आणि तीन गोष्टी बजावल्या. या पाट्याला मिरची-हळद लागू द्यायची नाही. घोटताना वरवंटा वर उचलला की त्याला चिकटून पाटाही जमिनीवरून वर आला पाहिजे. इतकी बारीक आणि चिकट झाली तरच ती महादेवाची भांग, नाहीतर घोटत राहायचं. आणि तिसरी गोष्ट, ज्यानं घोटली त्यानं सगळ्यात शेवटी प्यायची.

तिसऱ्या गोष्टीनंच घोळ केला. पहिल्या वर्षी सगळ्यांना वाढून बकारामनं हंड्यात डोकावून पाहिलं तर तळाला नुसता बडीशेपेचा चोथा. असू दे, पुढच्या वर्षी, असं म्हणून त्यानं हंडा घासायला टाकला. पुढच्या वर्षीही तेच. लोक मोठे प्रेमळ! “आनखी अर्धा गिलास, बकारामभाऊ,” करत करत हंडा कोरडा करायचे. पाच-सहा वर्षांनी त्यानं हंड्यात डोकावणंही सोडलं. महादेवाच्या मनात नसेल, असं म्हणून तो मोकळा झाला. बावीस वर्षं झाली, भांगेचा एक थेंब त्याच्या जिभेला शिवला नव्हता, आणि हे त्याची बायको अनुसयाबाई सोडली तर कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

मग प्रमाण जमलं की नाही, हे त्याला कसं कळायचं? त्यासाठी श्यामलाल होता. श्यामलाल त्याचा शेजारी, पहिल्या पंगतीतला पहिला गडी. श्यामलाल हसायला लागला की भांग बरोबर जमली. गायला लागला की थोडी जास्त. एका वर्षी तो स्वतःच्या बैलाच्या गळ्यात पडून रडला होता, तेव्हापासून बकारामनं दोन मुठी पानं कमी केली.

असं सगळं मजेत चाललं होतं. पण मुलगी शामकला लग्नाची झाली आणि ‘भांगवाला’ हा शब्द बकारामला टोचू लागला. पोरगी कामाला वाघीण, बोलायला मोकळी, दिसायला ठसठशीत. पाहुणे यायचे, पोहे खायचे, पोरगी पसंत करायचे आणि गावच्या वेशीपर्यंत जाऊन कोणाला तरी विचारायचे, “बाप कसा हाये गा?” समोरचा मोठ्या कौतुकानं सांगायचा, “एक नंबर मानूस! त्याच्या हातची भांग म्हनजे अहाहा!” झालं! पाहुणे गेले ते गेलेच. असे दोन पाहुणे परत गेले होते.

तिसरे आले ते गोवर्धनजी. आमगावकडचे मोठे शेतकरी, उंचेपुरे, बोलणं मोजकं. मुलगा पुनाराम सातवी पास, शेती बघायचा. शामकला त्यांना आवडली. पण गोवर्धनजींचा धाकटा भाऊ गांजापायी घर सोडून गेला होता तो परत आलाच नव्हता, आणि तेव्हापासून नशेचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाची शीर तट्ट फुगायची. निघताना पायात जोडा घालता घालता त्यांनी सरळ विचारलं, “बकारामजी, तुम्ही पेता?”

“नाही जी.”

“बावीस वर्सं झाले घोटून राहिले, अन् पेत नाही?” गोवर्धनजी हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “शिवरात्रीले येतो मी. आपल्या डोयानं पाहीन. मंग बोलू.”

त्या रात्री अनुसयाबाईनं नवऱ्याला धारेवर धरलं. “यंदा बसू नोका जी तुम्ही. ताप आला म्हना. कंबर धरली म्हना. एक वर्स गावानं भांग नाही पेली त महादेव का रुसून राहीन?”

“अन् तो मानूस का म्हनन? म्हनन, मी येनार म्हनून लपला. चोर असते तोच लपते.”

“पोरीपेक्षा पाटा मोठा झाला तुमाले?”

हा प्रश्न बकारामच्या काळजाला लागला. पोरगी त्याचा जीव की प्राण होती. पण ज्या कामाची त्याला कधी लाज वाटली नाही, ते काम चोरासारखं सोडायचं त्याला पटेना. तो म्हणाला, “पोरीसाठीच बसतो. होईन ते होईन.” आणि कूस बदलून झोपला. झोप कसली येते म्हणा.

आता अनुसयाबाईचं मन ऐका. नवरा ऐकत नाही म्हटल्यावर तिनं विचार केला की निदान काम तरी झटपट होऊ दे. दरवर्षी हा माणूस दुपारपासून घोटत बसतो, घामाघूम होतो, गंजी अंगाला चिकटते. पाहुण्यांसमोर ते काही बरं दिसत नाही. शिवरात्रीच्या आधी तीन दिवस गावात टाकीवाली आली. “पाटा टाकवून घ्या वो बाई, जातं टाकवून घ्या,” अशी हाक देत ती दारात थांबली. अनुसयाबाईनं मसाल्याचा पाटा तिच्यापुढे टाकला. तिनं छिन्नी-हातोडीनं टकटक करून त्याला असे काही टोचे पाडले की वाटण दोन फेऱ्यांत लोणी. ते पाहून अनुसयाबाईला काय सुचलं असेल? ती आत गेली, फडक्यात गुंडाळलेला भांगेचा पाटा उचलून आणला आणि म्हणाली, “हातासरशी यालेही टोचे पाडून दे.” बकाराम तेव्हा शेतावर. परत फडक्यात गुंडाळून पाटा जागच्या जागी. चांगलं काम केल्याच्या आनंदात तिनं त्या दिवशी स्वतःसाठी दोनदा चहा केला.

शिवरात्रीला दुपारी महादेवाच्या पारावर सारं गाव जमलं. बाया एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला, सगळ्यांना उपास. भांगेची पानं सकाळपासून भिजत घातलेली. बकारामनं ती सात पाण्यानं धुऊन पिळून ठेवली होती. बडीशेप, मिरे, खसखस, खरबुजाच्या बिया आणि बदाम असा सगळा जिन्नस गोंदियाच्या मुन्नालाल दुकानदारानं दरवर्षीप्रमाणे आणला होता, आणि दरवर्षीप्रमाणे तो स्वतःही प्यायला थांबला होता. पाराच्या कडेला घोंगडी टाकून गोवर्धनजी बसले होते. हातातली काठी समोर उभी धरून, काठीवर हनुवटी टेकून, बकारामवर नजर रोखून.

बकारामनं महादेवाला हात जोडले, पाट्यावरचं फडकं सोडलं आणि बघतो तर काय! बावीस वर्षं घासून घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला पाटा देवीच्या व्रणांसारखा टोचे टोचे झालेला. त्यानं हात फिरवून पाहिला. तळहाताला खरखरीत लागलं. अशा पाट्यावर वाटण छान होतं, पण भांग चिकटणार कशी? वरवंट्याला पाटा धरायचा तर दोन्ही अंगं गुळगुळीत पाहिजेत, तेव्हा कुठे ती एकमेकांना सोडत नाहीत. त्यानं बायांच्या बाजूला पाहिलं. अनुसयाबाई मोठ्या अभिमानानं त्याच्याकडेच बघत होती. बिचारीला वाटलं, खूश झाला.

दुसरा पाटा आणावा तर गावातल्या प्रत्येक पाट्यात मिरची मुरलेली. तेव्हा याच पाट्यावर बसणं भाग होतं. नव्यानं टाकवलेल्या पाट्याची दगडाची कच निघते, ती जायला म्हणून बकारामनं आधी तांदूळ मागवले. वाटले, फेकले. पुन्हा वाटले, फेकले. तिसऱ्यांदा वाटले.

“बकारामभाऊ, यंदा महादेवाले खीर हाये का गा?” श्यामलालनं विचारलं. सारा पार हसला. गोवर्धनजी हसले नाहीत.

मग पानं पाट्यावर आली. बकाराम गुडघ्यांवर बसून घोटू लागला. थोडं पाणी, थोडी बडीशेप, पुढे मागे, पुढे मागे. प्रत्येक फेरीला तो पाट्यावरचा लगदा हातानं नीट निपटून मध्ये गोळा करायचा आणि पुन्हा वरवंटा फिरवायचा. तासाभरानं त्यानं वरवंटा उचलून पाहिला. वरवंटा एकटाच वर आला. आणखी अर्धा तास. पाटा ढिम्म. ऊन पाराच्या पायऱ्यांवरून खाली उतरलं. उपाशी पोटी बसलेल्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. लेकरं रडायला लागली. बकारामच्या कपाळाचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबायचा, तो खांद्यानं पुसायचा, कारण पाट्यावर घाम पडलेला चालायचा नाही.

मुन्नालाल पाणी द्यायच्या निमित्तानं वाकला आणि कानाशी कुजबुजला, “भैया, थोडा गोंद डाल दो। मेरे पास है। पाटा ऐसा उठेगा कि बस! किसको क्या मालूम?”

“महादेवाले मालूम.”

“अरे, तुम्हारे होनेवाले समधी बैठे हैं सामने, इज्जत का सवाल है।”

बकारामनं त्याच्याकडे असं पाहिलं की मुन्नालाल लोटा घेऊन गपचूप मागे सरकला. खोटं कशाला बोलू, एक क्षण बकारामचं मन डळमळलं होतं. पोरगी समोर बसली होती, तिसरा पाहुणा समोर बसला होता. चिमूटभर डिंकानं सगळं निभावलं असतं. पण तो घोटत राहिला.

श्यामलालला आता दम निघेना. “गाळून दे ना गा आता! पाटा उचलो का न उचलो, पोटात त भांगच जाते!”

“पाटा उचलल्याबिगर माहा नैवेद्य नाही.” बकाराम वर न बघता म्हणाला.

“पन यंदा काऊन उचलून नाही राहिला?”

पाहुण्यांसमोर बायकोचं नाव सांगायचं नाही, असं बकारामनं ठरवलं होतं. “माही चूक झाली,” एवढंच म्हणाला. पण अनुसयाबाईच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला होता. ती पदर सावरत तडक उभी राहिली. “तुमची कायची चूक? मी टाकवून घेतला तो पाटा! मले वाटलं, तुमचे हात दुखते.” बायांमध्ये कोणी तरी फिसकन हसलं, आणि मग सगळा पारच हसायला लागला. बकारामलाही हसू आलं, पण ते त्यानं मिशीत दाबलं.

इतका वेळ नुसते बघत बसलेले गोवर्धनजी पहिल्यांदा बोलले. “कच नसन ना राहिली त्यात? जिभेवर ठेवून पाहा.”

“नैवेद्याआधी चाखत नसते जी.”

“मंग नैवेद्य झाल्यावर पाहा. तुमाले चव माहीत हाये, लगेच कळन.”

बकाराम तीन तास घोटून रडकुंडीला आला होता, पोटात अन्न नव्हतं, दंड भरून आले होते. तो चिडलाच. “मले कायची चव माहीत! बावीस वर्सं झाले, कधी उरली असन तवा पेईन ना मी? सारा गाव चाटूनपुसून नेते!”

श्यामलालनं मुन्नालालकडे पाहिलं, मुन्नालालनं आकाशाकडे. “म्हनजे तू... शेवटी पेत नाही?” श्यामलाल चाचरत म्हणाला. “मले वाटे, तू घरी नेऊन पेते.” “मले बी तसंच वाटे,” मागून एक जण म्हणाला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाला वाटत होतं, बकारामसाठी दुसऱ्यानं ठेवली असेल. बावीस वर्षं ज्याच्या हातचं प्यायले, त्याला एक गिलास विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. माणसं खरोखरच शरमली.

गोवर्धनजींनी मात्र काठी जमिनीवर आपटली. “गाव तुमचंच हाये. आपल्या मानसासाठी गाव बोलतेच.” त्यांचा विश्वास बसला नव्हता. बकारामनं मान खाली घातली. न प्यायल्याचा पुरावा कुठून आणायचा? त्यानं लगदा निपटायला हात घातला.

“थांबा, निपटू नोका!” गोवर्धनजी उठून जवळ आले आणि वाकून पाट्याकडे बघू लागले. खरं म्हणजे ते बराच वेळ पाट्याकडेच बघत होते. शेतकऱ्याला समोर काम चुकताना दिसलं की त्याला राहवत नाही, मग कितीही राग असो. “तुम्ही घडीघडी पाटा साफ करून राहिले. टोचे उघडेच राहते त्यानं. धानाच्या बांधीले भेग पडली त आपन का करतो? चिखल भेगीत जाऊ देतो ना? तसंच हे. भांग टोच्यात बसू द्या. वरून नुसता वरवंटा चालवा, पानी कमी.”

बकारामनं ऐकलं. लगदा न काढता, जोर न देता, वरवंटा सपाट धरून तो चालवत राहिला. हळूहळू पांढरे टोचे हिरवे झाले, भरत आले, पाट्याचं अंग पुन्हा एकसारखं दिसू लागलं. वरवंटा जड जड ओढायला लागला. सूर्य पळसाच्या झाडामागे गेला तेव्हा बकारामनं श्वास धरला, दोन्ही हातांनी वरवंट्याची टोकं धरली आणि उचलला. पाटा किरकिरला, एक कड उठली, दुसरी उठली आणि सबंध पाटा जमिनीवरून वीतभर वर आला. “हर हर महादेव!” असा काही गजर झाला की झाडावरचे सगळे पोपट उडून गेले. श्यामलालनं तर मुन्नालालला उचललं.

दूध आलं, साखर आली, दुहेरी धोतरातून भांग दोनदा गाळली गेली. महादेवाला नैवेद्य झाला आणि पंगत बसली. त्या दिवसासारखी पंगत पिपरटोल्यानं ना आधी पाहिली ना नंतर. “पुरे पुरे, मले घोटभरच,” असं श्यामलाल म्हणाला! मुन्नालालनं अर्ध्या गिलासावर हात आडवा धरला. सगळे एकमेकांवर नजर ठेवून, संकोचून पीत होते. शेवटी पाहिलं तर अर्धा हंडा शिल्लक. श्यामलालनं मोठ्या मानानं पितळी गिलास काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी बकारामपुढे धरला.

बकाराम गडबडला. समोर गोवर्धनजी उभे. प्यावं तर ते म्हणतील, पाहा, शेवटी प्यालाच. न प्यावं तर महादेवाचा प्रसाद आणि सगळं गाव डोळे लावून बसलेलं. त्यानं गोवर्धनजींकडे पाहिलं.

“प्रसाद हाये. घ्या,” गोवर्धनजी कोरडेपणानं म्हणाले. आणि काठीवर हनुवटी टेकून पुन्हा रोखून बघू लागले.

बकारामनं डोळे मिटले आणि मोठ्या भक्तीनं एक भरपूर घोट घेतला. क्षणभर काही झालं नाही. मग त्याचं तोंड असं काही वाकडं झालं, एक डोळा मिटला, कान लाल झाले, आणि घोट गिळावा की थुंकावा ते न कळून त्यानं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. कसाबसा गिळला. अंगावर काटा आला. “अरे बाप्पा!” तो ओरडला. “हे पेता का तुम्ही? याच्यासाठी भांडता? हिरवा चारा उकळून पेल्यावानी लागते हे! बावीस वर्सं मी तुमाले हे पाजून राहिलो?”

सगळा पार लोटपोट झाला. बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. शामकला तर हसता हसता आईच्या मांडीवर आडवी झाली. आणि गोवर्धनजी? त्यांची काठी हातातून निसटून पडली. ते पोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी भांगेचा थेंबही घेतलेला नव्हता. असं तोंड काही सोंग करून होत नाही, हे कोणालाही कळलं असतं. हसता हसता ते पुढे आले, बकारामच्या हातातला गिलास काढून श्यामलालला देऊन टाकला आणि म्हणाले, “राहू द्या, तुमच्यानं नाही होत हे, व्याही.”

बकाराम अजून जीभ पुसत होता. पुसता पुसता थांबला. “का म्हनले जी?”

गोवर्धनजींनी बायांच्या बाजूला तोंड वळवलं आणि शेतातल्या गड्याला हाक मारावी तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, “व्याही म्हनलो! आयकू आलं का, विहीनबाई?”

अनुसयाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तेवढ्यात शामकलाच तिच्या मांडीवरून उठून बसली आणि म्हणाली, “आयकू आलं.”